साहेबांचा पॉइंट

कुंदन काकड यांचा बॅकहँड ही गंगापूर रोडवरच्या त्या क्लबातली सार्वजनिक सोय होती. पाणपोईसारखी. ज्याला पॉइंटची तहान लागेल त्याने तिकडे बॉल टाकावा आणि तृप्त व्हावं. सकाळच्या ग्रुपात एक दातांचे डॉक्टर, एक सीए आणि एक प्लॉटिंगवाले होते. राजकारणापासून मिसळीपर्यंत एकाही विषयावर या तिघांचं पटत नसे, पण काकडांना सर्व्हिस कुठे करायची याबद्दल त्यांच्यात कमालीची एकजूट होती.

कुंदनला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पन्नाशी उलटलेल्या, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या माणसाने सकाळी उठून हाफ पँटीत घराबाहेर पडावं, यातच त्याला पुरेसा पराक्रम वाटे. वाईट वाटलं ते वेदिका बोलली तेव्हा.

वेदिका त्याची एकुलती एक मुलगी. बारावीत होती आणि दोन हातांचा बॅकहँड असा मारायची की पलीकडचा माणूस आधी बाजूला व्हायचा आणि मग विचार करायचा. पुढच्या महिन्यात तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि जूनमध्ये ती पुण्याच्या अकादमीत राहायला जाणार होती. क्लबात दरवर्षी होळीनंतरच्या रविवारी आईबाप आणि मुलांची डबल्स स्पर्धा होई. बापलेक त्यात ती लहान असल्यापासून खेळत आणि नेमाने हरत.

"पप्पा, यंदा नको ना," ती म्हणाली.

"का? शेवटचंच वर्ष आहे तुझं इथलं."

"म्हणूनच नको. मागच्या वर्षी सगळे तुमच्या बॅकहँडलाच मारत होते. मी कोर्टवर खुर्ची टाकून बसले असते तरी चाललं असतं."

"खांदा दुखतो गं माझा. दोन हातांनी वळवत नाही."

"मग स्लाइस शिका. बॉल कापून मारायचा, एका हाताने. शिकलात तर खेळू. प्रॉमिस."

मुलीच्या बाजूला उभं राहून एकदा, शेवटचं, नीट खेळावं, एवढीच कुंदनची इच्छा उरली. बाकीच्या इच्छा त्याने पोटासकट सोडून दिल्या होत्या.

कोच महेश सर त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि गळ्यात शिट्टी घालून जन्माला आल्यासारखे वागत.

"रॅकेट हातोडीसारखी धरा. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी. आता खांदा वळवा, मला तुमची पाठ दिसली पाहिजे. रॅकेट वर, कानाजवळ. तिथून खाली यायचं, पण खाली म्हणजे जमिनीत नाही काकडसाहेब. पुढे! बॉलच्या पोटाखालून पुढे सरकायचं. मनगट लॉक."

कुंदनने मनगट लॉक केलं. बॉल आला आणि कुलूप आपोआप उघडलं.

"छाटणी करताय तुम्ही," महेश सर म्हणाले. "काडी तोडायची नाहीये. साल काढायचीय. साल."

छाटणी हातातच होती. मखमलाबादला काकडांची द्राक्षबाग होती. आता तिथे लेआउट पडून चार मजली इमारती उभ्या होत्या, पण ज्या हाताने पोरवयात एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीला कात्री चालवली त्याला ही बातमी अजून कळली नव्हती. बॉल हवेत असा काही तरंगे की डॉक्टर खाली उभे राहून चष्मा पुसून घेत आणि मग मारत.

म्हणून त्याने भिंत धरली. क्लबच्या मागे, पंपरूमशेजारी, सरावाची हिरवी भिंत होती. तिच्यावर नेटच्या उंचीला एक पांढरी पट्टी. दुपारी एक ते चार दुकान बंद. फाल्गुनातल्या त्या उन्हात अख्खं नाशिक पंख्याखाली आडवं झालेलं असे, आणि कुंदन एकटा भिंतीशी झटत असे. बहुतेक बॉल भिंतीवरून पलीकडच्या बंगल्यात जात. बंगल्यातल्या बाईंनी ते परत देणं बंद केलं होतं.

अशाच एका दुपारी त्याने नवी ग्रिप गुंडाळायला काढली. किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला तर बोटांना काहीतरी गार लागलं. बारीक पत्र्यासारखं. बॅग सकाळपासून गाडीत तापलेली, पाण्याच्या बाटलीत चहा करता आला असता, आणि ही वस्तू विहिरीतून काढल्यासारखी. कसला तरी जुना बिल्ला असेल म्हणून त्याने तो बाजूला सारला, ग्रिप गुंडाळली आणि बॉल टाकला.

हात आपणहून वर गेला. खांदा आपणहून वळला. रॅकेट खाली आली ती पुढे सरकत, आणि चर्र असा आवाज झाला, कोणीतरी ब्लेडने रेशमी कापड फाडल्यासारखा. बॉल पांढऱ्या पट्टीच्या जेमतेम वर लागला.

परत आला तो घोट्याच्या उंचीवर, सरपटत. कुंदनने तोही कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला धाप लागत नव्हती. बराच वेळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय. भिंत बॉल परत देते हे खरं; पण कापून देत नाही. हा बॉल टप्पा पडल्यावर उसळायला पाहिजे होता, आणि हा प्रत्येक वेळी जमिनीला चिकटून, थोडा डावीकडे वळून येत होता. पलीकडून कोणीतरी स्लाइस मारत असल्यासारखा.

त्याने डाव्या हाताने बॉल झेलला आणि घट्ट धरला.

भिंतीकडून चर्र असा आवाज आला. आणखी एक फटका. मग शांत.

बॉल त्याच्या मुठीत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. पंपाचा आवाज असेल, असं त्याने ठरवलं. पंप बंद होता, पण स्पष्टीकरण म्हणून चालण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात दुखवट्याचं वातावरण पसरलं. डॉक्टरांनी सवयीने काकडांच्या बॅकहँडला सर्व्हिस केली आणि बॉल त्यांच्या बुटांखालून निघून गेला. सीए वाकले, तेवढ्यात तो दोनदा पडून झाला होता. प्लॉटिंगवाल्यांना वाकताच येत नव्हतं.

"काकड, कुठं शिकलात हो? यूट्यूब?" डॉक्टर म्हणाले. त्यात कौतुक होतं, आणि फसवणूक झालेल्या माणसाचा सूरही होता.

कुंदन हसला. सर्व्हिस घ्यायच्या आधी रॅकेटने आपल्या बुटाच्या तळव्यावर मारलं. टक, टक. एक बूट, मग दुसरा. ही सवय त्याला कधी लागली हे त्याला आठवेना. क्लबचं कोर्ट निळं, सिंथेटिक. त्यावर धूळ नावाला नाही. तरी बुटातून तांबड्या मुरुमाची बारीक भुकटी खाली पडली आणि निळ्यावर नीट गोल करून बसली.

सेट जिंकायला एक पॉइंट हवा होता. डॉक्टरांनी मऊ, गोंडस, लग्नात आहेर द्यावा तसा बॉल दिला. कुंदनने तो अलगद बाहेर मारला. चुकून नाही. बॉल बाहेर जावा म्हणून हाताने घेतलेली काळजी त्याला स्पष्ट जाणवली.

"साहेबांचा पॉइंट," तो म्हणाला, आणि किंचित वाकला.

आजवर त्याने डॉक्टरांना कधी साहेब म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र ते आवडलेलं दिसलं.

व्हरांड्यात चहा पीत कर्नल बसले होते. निवृत्त होऊन देवळालीतच राहिलेले, रोज ब्रिज खेळायला येणारे. पन्नासहून जास्त वर्षं नाशकात काढून मराठी झकास बोलत, फक्त सगळ्या गोष्टी पुल्लिंगी करून.

"काकड, हा स्लाइस तुला कोण शिकवला?"

"महेश सर."

"नॉनसेन्स. महेश तर पोरगा आहे. हा लाकडी रॅकेटचा स्लाइस आहे. मी लेफ्टनंट होता तेव्हा देवळाली कॅम्पात एका क्लबात लाल कोर्ट होता, आणि तिथे एक मार्कर होता. सेम हा स्लाइस. पॉइंटच्या आधी बूट वाजवायचा, टक टक, मुरूम काढायला. आम्हा सगळ्या अफसरांना तो खेळवला."

"मार्कर म्हणजे?"

"क्लबचा नोकर. पार्टनर नसला की त्याच्याबरोबर खेळायचा. कोणी त्याच्याकडून हरला नाही कधी."

"कच्चा होता?"

कर्नलनी त्याच्याकडे पाहिलं. "कच्चा? अरे, तो आम्हा सगळ्यांना सहा-शून्य देऊ शकत होता. त्याची नोकरीच ती होती. साहेब जिंकला पाहिजे, आणि साहेबाला कळला नाही पाहिजे. फार सफाईने हरायचा. एक दिवस आला नाही. मग क्लबने दुसरा ठेवला."

"नाव काय त्याचं?"

"नाव?" कर्नलनी चहा ढवळला. "मार्करच म्हणायचो."

त्या शनिवारी वेदिकाने बापाचा स्लाइस पाहिला आणि कोर्टवर नाचली. "पप्पा, काय भारी! नाव देऊन टाकते आपलं." दोघं तासभर खेळले. ती त्याच्या डावीकडे उभी राहून ओरडत होती, हसत होती, चुकल्यावर स्वतःला शिव्या घालत होती. लहानपणापासून हरणं तिला अंगाला खाज आल्यासारखं वाटे. कुंदनला वाटलं, हा तास संपूच नये. शेवटचे पॉइंट आपल्या हातून बाहेर जातात हे त्याने तिला सांगितलं नाही. तिच्या बॅगेची चेन तुटली होती, म्हणून आठवडाभर तिने त्याची किटबॅग वापरायला नेली.

सोमवारी सकाळी कुंदनचा बॉल पुन्हा तरंगू लागला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. पाणपोई सुरू झाली.

बुधवारी महेश सरांचा फोन आला. "काकडसाहेब, घरी काही झालंय का? वेदिकाने दोन हातांचा बॅकहँड सोडून दिलाय. स्लाइस मारतेय. कसला स्लाइस! मी शिकवलेला नाही. पण मॅच सोडतेय ती. काल बॅचमधल्या रोहितला पार रडवलं, आणि शेवटच्या गेमचे चारही बॉल बाहेर घालवले. वर त्याला म्हणते, साहेबांचा पॉइंट. पोरगा घाबरलाय."

कुंदन दुकान उघडं टाकून गेला.

वेदिका बेसलाइनवर उभी होती. खांदे थोडे पुढे झुकलेले, मान किंचित खाली, जशी ती कधीच उभी राहत नसे. पलीकडे रोहित. तो मारायचा तो प्रत्येक बॉल ती त्याला सोयीच्या जागी परत द्यायची, अगदी हातात आणून. त्याचा एक बॉल स्पष्ट बाहेर पडला. तिने रॅकेट वर करून सांगितलं, "आत. लय भारी मारला साहेब."

रोहितने महेश सरांकडे पाहिलं. महेश सरांनी शिट्टीकडे.

टक, टक. तिने बूट वाजवले. निळ्या कोर्टवर तांबडी भुकटी.

"वेदू," कुंदनने जाळीबाहेरून हाक मारली.

ती वळली. बाप दिसल्यावर तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण ते त्याला ओळखून आलेलं नव्हतं. समोर साहेब दिसला की आणायचं ते हसू होतं.

घरी मनीषाने, वेदिकाच्या आईने, तिला व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि अभ्यासाचा ताण असेल म्हणाली. जेवायला बसताना वेदिकाने खाली वाकून आपल्या स्लिपरा एकमेकींवर आपटल्या. टक, टक. लंकाबाईंचा, म्हणजे कुंदनच्या आईचा, घास हातातच राहिला.

"असं मोतीभावजी करायचे," त्या म्हणाल्या. "ताटावर बसायच्या आधी. तांबडी माती पडायची साऱ्या वट्यावर. मी झाडायचे."

कुंदनने काकाचं नाव अनेकदा ऐकलं होतं, पण गोष्ट ऐकली नव्हती. मोतीकाका, वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न व्हायच्या आधीच देवळालीच्या रस्त्यावर सायकलीवरून जाताना ट्रकखाली गेले. कुंदन तेव्हा पाळण्यात होता.

"आई, काका कॅम्पात करायचे काय?"

"साहेब लोकांसंगं चेंडू खेळायच्या कामाला व्हते. खेळायचं आन् हरायचं, त्याचाच पगार. तुझे वडील चेष्टा करायचे, हरायला पगार मिळतो तर आमालाबी लाव. भावजी हसायचे नायत. एकदा मला म्हणले, वहिनी, एक डाव तरी खरा खेळायचाय. एकच." त्यांनी घास ताटात ठेवला. "कुंदन, धुळवड आली. त्यांचा टाक कोणत्या सराफाकडं टाकलायस? दिवाळीपासून इचारतेय मी."

कुंदनची नजर वेदिकाच्या खोलीकडे, आपल्या किटबॅगेकडे गेली.

अकाली गेलेला, बिनलग्नाचा पुरुष घरचा वीर होतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून, टाक करून, देव्हाऱ्यात बसवतात, आणि धुळवडीला खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत, नाचवत गंगेवर न्हायला नेतात. नाशकातल्या माणसाला गोदावरी म्हणजे गंगाच. मखमलाबादला होते तोवर काकडांचा वीर दरवर्षी जाई. फ्लॅटमध्ये आल्यापासून धुळवड शनिवार-रविवारला जोडून येऊ लागली आणि काकड मंडळी वीराऐवजी स्वतःच न्हायला, गोव्याला, जाऊ लागली. दिवाळीत इंटिरिअरवाल्याने संगमरवरी देव्हारा केला. त्यातल्या दिव्यांच्या उजेडात टाक फार काळा दिसला, म्हणून कुंदन तो उजळायला घेऊन निघाला. सराफ बाजार बंद होता. खेळायची वेळ झाली होती. त्याने टाक किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात टाकला आणि आईला सांगितलं, दिला सराफाकडे.

तेव्हापासून काकडांचा वीर जुन्या ग्रिपा, गुडघ्याचा पट्टा आणि घामट मोज्यांत बसून रोज टेनिसला येत होता.

त्याने बॅग आणून कप्पा उलटा केला. टाक पडला. घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार. तलवारीचा हात वरून खाली, पुढे सरकत आलेला. कुंदनला नक्की आठवेना, पण तो हात आधी सरळ वर होता असं त्याला वाटलं.

टाक देव्हाऱ्यात ठेवला. वेदिकाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सफाईने हरून आली.

"नुसता बसवून काय व्हतंय?" लंकाबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं नाचवला नाय. गंगंवर न्या. नाचवून दमवला की गप बसतो वीर."

कुंदनला ते पटलं, पण पुरतं नाही. मखमलाबादला दरवर्षी नाचवलाच होता की. वीराने टेनिसच्या बॅगेतच हातपाय पसरले, याचा अर्थ नाचून त्याचं समाधान होत नव्हतं. आणि चाचणी तोंडावर आली होती. तिथे ही पोरगी निवड समितीसमोर वाकून "साहेबांचा पॉइंट" म्हणणार, मग पुण्यात, मग पुढे आयुष्यभर, जिथे जाईल तिथे, प्रत्येक शेवटचा बॉल कोणाच्या तरी सोयीसाठी बाहेर घालवणार. क्लबात कुंदनने अशी पुष्कळ माणसं पाहिली होती. त्यांना वीर लागत नव्हता, नुसती नोकरी पुरली होती.

नाशकात रंग रंगपंचमीला. धुळवडीची सकाळ मोकळी असते. वीर दुपारनंतर निघणार होता. कुंदनने टाक खिशात घातला, वेदिकाला उठवलं आणि क्लबवर नेलं. कोर्टवर चिटपाखरू नव्हतं.

"एक गेम," तो म्हणाला.

ती बेसलाइनवर गेली. टक, टक. भुकटी पडली.

तिने त्याला खेळवलं. दुसरा शब्द नाही. त्याच्या पोटाला, खांद्याला, वयाला साजेल असा प्रत्येक बॉल त्याच्या हातात येत होता. मधूनच एखादा स्लाइस सरपटत यायचा, नुसता दाखवायला, आणि लगेच पुढचा बॉल मऊ. ती गेम पॉइंटला आली आणि बॉल एक वीत बाहेर गेला.

"साहेबांचा पॉइंट," ती म्हणाली.

"नाही. आत होता. पुन्हा खेळ."

पुन्हा गेम पॉइंट. पुन्हा बाहेर. "साहेबांचा पॉइंट."

"पुन्हा."

"जरासा भाईर गेला साहेब. तुमीच जिंकले." आवाज वेदिकाचाच होता, पण तो कुठून तरी लांबून, मुरुमाच्या रस्त्यावरून आल्यासारखा कोरडा.

कुंदन नेटपाशी आला. रॅकेट खाली ठेवली.

"मी साहेब नाही, काका. मी कुंदन. सावळीरामाचा पोरगा. तुमचा पुतण्या."

वेदिकाने मान तिरकी केली. बराच वेळ ती त्याच्याकडे, त्याच्या टकलाकडे, पोटाकडे, महागड्या बुटांकडे पाहत राहिली.

"थोरल्याचा?" ती म्हणाली. "एवढासा व्हतास की रं."

कुंदनच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी. दोन्ही एकदमच आल्याने कशाकडे लक्ष द्यावं हे त्याला कळेना.

"इथं कोणी साहेब नाही, काका. बघणारं कोणी नाही. पगार कोणी देत नाही. एक पॉइंट खरा खेळा. आणि मग पोरीला सोडा."

"आन् तू?"

"मीही खरा खेळतो."

तो मागे गेला. तिने सर्व्हिस केली, त्याने कशीबशी परत दिली. मग तिचा खांदा वळला. पाठ दिसली. डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, रॅकेट कानाजवळ. आणि ती खाली येताना कोर्टभर तो आवाज झाला. चर्र. बॉल नेटवरून एक बोट जाऊन त्याच्या बॅकहँडच्या कोपऱ्याकडे सरपटत निघाला.

कुंदनला तो दिसला. अगदी सावकाश दिसला. पोचता आलं असतं. परत मारता आलं असतं की नाही हे वेगळं, पण धावलं तर पोचता आलं असतं. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की हा बॉल परत गेला तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. बिचाऱ्याचा एवढा एक पॉइंट. घेऊ दे.

त्याचे पाय थांबले. बॉल दोनदा पडला आणि कुंपणाला जाऊन टेकला.

"पप्पा!"

वेदिका कमरेवर हात ठेवून उभी होती. मान ताठ. नाकपुड्या फुगलेल्या.

"धावलातच नाही तुम्ही! काय हे? सरळ सोडून दिलात! असं खेळायचं असेल तर मी नाही हं रविवारी." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "आपण इथं कधी आलो? आणि कोर्टवर ही माती कोणी आणली?"

कुंदनने तिला मिठी मारली. ती "घाम आलाय, घाम आलाय" म्हणत सुटायला बघत होती. त्याला आयुष्यात इतकी गोड तक्रार कोणी केली नव्हती. फक्त एक गोष्ट त्याला टोचत राहिली. आपण धावलो नाही हे ती एवढ्या मोठ्याने बोलली, ते ऐकणारं तिथे आणखी कोण होतं?

दुपारी वीर निघाला. गंगेवर गर्दी होती. ढोल, डफ, डोक्यांवर फेटे, शेकडो घरांचे शेकडो वीर खोबऱ्याच्या वाट्यांत. कुंदनने फेटा बांधला, टाक वाटीत ठेवला आणि नाचला. बरोबरीचे नाचून घामाघूम झाले, पण त्याला धाप लागत नव्हती. पायरीवर बसून त्याने टाकाला न्हाऊ घातलं. वेदिका बाजूला उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती आणि पाण्याचा रंग बघून नाक मुरडत होती. ती पुरती वेदिका होती.

"वीर समाधानी हाय का?" लंकाबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"आहे," कुंदन म्हणाला.

त्याचा उजवा हात आपणहून खाली गेला आणि वाटीची कड त्याच्या चपलेवर आपटली. टक, टक. ओल्या पायरीवर तांबडी भुकटी पडली.

लंकाबाई खाली पाहत राहिल्या. मग ढोलाच्या आवाजात फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तू जिंकू दिलंस व्हय रं त्यांना?"

कुंदनने पायाने भुकटी पाण्यात सारली.

"आरं, जलमभर दुसऱ्यांना जिंकू दिलं त्या माणसानं. कोण जिंकू देतंय ते त्यांना कळायचं नाय?"

रविवारी बापलेक खेळले. कुंदनचा स्लाइस बघायला व्हरांडा भरला. कर्नल उभे राहून बघत होते. शेवटचे पॉइंट बापाच्या हातून बाहेर जातात हे वेदिकाला पहिल्याच मॅचमध्ये कळलं आणि तिने फर्मान काढलं, "गेम पॉइंट आला की तुम्ही नेटपाशी जाऊन उभं राहायचं. हात लावायचा नाही." ती दोन हातांनी मारून ओरडायची. अशाने ते फायनलला पोचले. तिथे शेवटचा बॉल नेमका त्याच्या अंगावर आला. त्याने तो अलगद बाहेर घातला, डॉक्टर आणि त्यांच्या मुलाकडे पाहून वाकला. वेदिका पार्किंगपर्यंत आणि तिथून घरापर्यंत त्याला बोलत होती. त्याने रेडिओ बंद केला, एकही शब्द चुकू नये म्हणून.

चाचणीत तिने शेवटचा बॉल कोणालाही दिला नाही. जूनमध्ये ती पुण्याला गेली.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. कुंदन भिंतीशी जातो. खिशात टाक नसतो. तो देव्हाऱ्यात आहे, उजळलेला, तलवारीचा हात खाली आलेला. एकदा कर्नलनी विचारलं होतं, "या उन्हात कोणाबरोबर खेळतो?" त्याने सांगितलं, प्रॅक्टिस. कर्नलनी त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तो बॉल टाकतो. भिंतीकडून बॉल येतो, सरपटत, त्याच्या बॅकहँडच्या कोपऱ्याकडे. आता तो धावतो. पोट हलवत, गुडघा ठणकत असताना, खरं धावतो. मध्ये कधी दमून पाय किंचितही थांबले, तर भिंत गप्प होते आणि तो पॉइंट धरला जात नाही. हे त्याला लवकरच कळलं. तो पोचत नाही. अजून एकदाही पोचलेला नाही. बॉल दोनदा पडतो. मग भिंतीकडून टक टक असा आवाज येतो, थोडा वेळ काहीच होत नाही, आणि उतार नसताना बॉल आपणहून घरंगळत त्याच्या पायाशी येऊन थांबतो.